गाडीचं छत वडनेरला

१२ फेब्रु., बुध.
पुण्याचे देवधर आले. जुन्या स्पोर्ट्स गाड्या जमवतात. शेडमधली आपली विलायती टू-सीटर पाहायची होती. तीन प्रदक्षिणा घातल्या, हात मात्र लावला नाही. मला वाटलं, उघडी गाडी पाहून खूश होतील. दुनिया उघडीलाच जास्त भाव देते, एवढं मलाही कळतं. पण ते वाकून वाकून खांबांची टोकं पाहत होते, जिथून छत गेलं तिथे.
"ही तुम्ही कापलीत?"
हो म्हटलं.
चहा घेऊन बाहेर आलो तर अंगणात फोनवर. आवाज बारीक केला होता, पण माझ्या कानांपुढे त्याचा काय उपयोग? "अरे, मुळात बंद बॉडीची आहे. उघड्या ढिगाने निघाल्या, बंद अगदी मोजक्या. पण कापलीय." मग उसासा. गाडीसाठी उसासा टाकणारा माणूस रिकाम्या हाताने जात नाही.

१३ फेब्रु.
देवधर निघताना बोलले ते डोक्यातून जात नाही. उघडी गाडी लोक फिरायला घेतात, बंद गाडी जपायला. ज्या मॉडेलची बंद कमी निघाली, तिचा भाव वर्षागणिक चढणार. कारखान्यातून उघडी आलेलीलाही गिऱ्हाईक आहे. पण कापून उघडी केलेली ना इकडची ना तिकडची. "मूळ छत असेल तर बोला. नवं ठोकून बसवलेलं नको."
मूळ छत! अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. मी, दुकानातला जोडीदार रामभाऊ (पुढे वरातीत गाडी तोच चालवायचा), एक हॅक्सॉ, सहा पाती. तेव्हा माझं पंक्चरचं दुकान. नवरदेवांना घोड्याचा कंटाळा आला होता, आणि बंद गाडीतला नवरदेव दिसणार कोणाला? कापली. त्या एका सीझनला देवळीपासून हिंगणघाटपर्यंत वराती आमच्याच. आज मंगल कार्यालय आहे, चार गाड्या आहेत, ते त्या कापण्यावर. देवधरांना ती चूक दिसते. मला...
रामभाऊ असता तर धड उत्तर दिलं असतं त्याने. चार वर्षं झाली त्याला जाऊन.

१६ फेब्रु., रवि.
पिपरीहून इक्बाल मिस्त्री आला. गाडीखाली शिरला तो अर्धा तास बाहेरच येईना.
"मधुभाऊ, छत गेलं तवाच इची कंबर गेली. तळाले चीर हाय. दार काऊन लागत नाई, समजलं आता?"
मी इंजिन चालू करून ऐकलं. इंजिन ठणठणीत. पण खालून एक बारीक कर्र येते, सुकलं लाकूड उलतं तशी.
"छत बसलं त बॉडी पकडली जाईन. नाई त एका खड्ड्याची पाहुणी हाय."
म्हणजे भावाचं तर सोडाच, गाडीच राहत नाही.
जेवताना सौ. सहज म्हणाली, "छत रामभाऊनं नेलतं ना? एसटीच्या टपावर बांधून. कंडक्टरसोबत भांडण झालतं, विसरले का?"
विसरलो होतो. साफ.

१८ फेब्रु., मंगळ.
वडनेर. रामभाऊची बायको, कांतावहिनी, अंगणात तूर पाखडत होती. छत विचारलं तर सुपानेच दाखवलं. मागे न्हाणी, चार बल्ल्या, तीन बाजूंनी तट्टे, वर आपलं छत! जवळ जाऊन बोटाने वाजवलं. टण्ण. गंज लपवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असती तर थप्प वाजलं असतं. रामभाऊ दर दिवाळीला आतून-बाहेरून रंग मारायचा म्हणे. पोपडा उचकला तर खाली मूळचा बाटली-हिरवा.
मागितलं. वहिनी हसली.
"तुमची गाडी झाकाले माही न्हाणी उघडी करू काय, भाऊजी?"
मग सूप खाली ठेवून म्हणाली, "हे आलं तवा आमच्या गल्लीत माहीच न्हाणी झाकलेली. त्याच्या आंधी दिवस निंगायच्या पह्यले उरकाव लागे."
हे छत कुठे गेलं असेल, असा प्रश्न मला कधी पडलाही नव्हता. फरशी, स्लॅब, नळ, सगळं कबूल केलं. "सांगीन", म्हणाली.

२१ फेब्रु., शुक्र.
वहिनीचा फोन. न्हाणी पहिले बांधायची, छत मग काढायचं. ठीक. रामभाऊपेक्षा पक्की आहे. पण अजून एक.
"मले त्या गाडीत बसवा. घरून बाजारापर्यंत. उघडीतच."
"छत बसल्यावर बसवतो ना, वहिनी. मुंबईपर्यंत नेतो."
"झाकल्यावर मले कोण पाह्यन? यायनं पोट्ट्यापोट्ट्यायले मिरवलं त्या गाडीत. मी एक डाव बसली नाई. म्हणत, धंद्याची गाडी हाय."
ते माझंच वाक्य. धंद्याच्या गाडीत घरचं माणूस नको, असा नेम मीच केला होता.

२२ फेब्रु.
देवधरांना छताचे फोटो पाठवले. पाचव्या मिनिटाला फोन. आवाजात हसू लपवत होते. "आता ती एक फूटसुद्धा चालवू नका." इक्बालही तेच म्हणतो. दोघांनाही हो म्हटलं. वहिनीलाही.

११ मार्च, मंगळ.
न्हाणी झाली. आज गाडी टेम्पोवर चढवून वडनेरला आणली. इक्बाल चिडलेला, तरी आला. दार दोरीने बांधलं. वहिनी जांभळ्या लुगड्यात, डोळ्यांवर नातीचा काळा चष्मा. गल्लीतल्या बाया ओट्यावर.
"कांते, नवरदेव कुठी हाय वं?"
"पुढं गेला तो! मी मांगून येऊन राह्यली."
सगळ्या हसल्या. मी हळू चालवत होतो, कान खाली.
"हळू काऊन चालवता, भाऊजी? हे त जोरात चालवत."
मारुतीच्या देवळापाशी कर्र वाढली. पुढे गतिरोधक, त्याच्या पलीकडे बाजार. थांबलो. बॉनेटवर वही ठेवून लिहितोय. देवधरांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. इक्बाल चाकाशी वाकून पाहतो आणि मान हलवतो. म्हणाला, इथूनच टेम्पोवर घेऊ, वहिनीले सांगा तुम्ही.
सांगितलं. ती चष्मा वर करून माझ्याकडे पाहते आहे.
"बाजारापर्यंत ठरलं होतं."
उतरत नाही.