अकरा टोप्या आणि जावयाचं वाण

कोल्हापूर
रविवार, १२ एप्रिल २०२६

चि. अनू,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा प्रघात आहे, म्हणून लिहिलं. वस्तुतः माझ्यावर घोर अन्याय झालेला असून त्याची दाद सिंगापूरच्या दरबारी मागावी म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय टोपीचा आहे. आपल्या चुलतबंधूंनी, म्हणजे अमरसिंहांनी, तुझ्याकडे येणाऱ्या अकरा जणांसाठी अकरा टोप्या आणल्या आहेत. रंग पोपटी. तिथल्या करमणुकीच्या बागेत पाळण्यांच्या गर्दीत कुणी हरवू नये, हा हेतू. सव्वीस वर्षं संस्कृत शिकवून या मस्तकावर जे काही गांभीर्य साठलं होतं, ते त्या टोपीखाली क्षणात दडपलं गेलं. "मी हरवलो तरी चालेल, पण हे शिरस्त्राण नको," असं मी निक्षून सांगितलं. त्यावर अमर म्हणाला, "मास्तर, तुम्ही हरवला तर शोधाय आम्हालाच लागतंय की! घाला गप."

काल त्यानं रंकाळ्यावर तालीमसुद्धा घेतली. सगळे रांगेत, टोप्या घालून, दर वळणाला मोजणी. एका भेळवाल्यानं विचारलं, "पावणं, मोर्चा कशाचा?"

धोंडुबाई आत्ती म्हणाली, "मोर्चा न्हाय बाबा, सिंगापूरला लेकीकडं चाललोय."

"रंकाळ्यावरनं?" तो म्हणाला, आणि कांदा चिरत राहिला.

आत्तीला पोरांनी मोबाईलवर तिथला तो उलटा-सुलटा फिरणारा पाळणा दाखवला. तिनं शांतपणे पाहिला. म्हणाली, "एवढं वराडाय पैसं दिऊन कशाला जायचं? आजऱ्याच्या यष्टीत मागच्या शिटावर बसा की." तरी टोपी सर्वांत आधी तिनंच घातली, पदराच्या वरून.

सध्या घरात शास्त्रार्थ चालू आहे तो अनारशांवर. तेहेतीस अनारसे सामानात जाऊ द्यायचे की हातात घ्यायचे? पूर्वपक्ष: सामानात चुरा होईल. उत्तरपक्ष: हातातले विमानतळावर काढून घेतील. निर्णय झालेला नाही. पण अनारसे येणार, कारण या सगळ्या दिग्विजयाचं मूळ तेच. तीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतोय, सयाजीरावांना रजा नाही, ते येऊ शकत नाहीत, असं तू संक्रांतीला सांगितलंस. आबा म्हणाले, "जावई येत न्हाईत, तर आपण जाऊ." तू क्षणभर थांबलीस आणि "या की" म्हणालीस. मग अमरनं पोरांना बागेचं आमिष दाखवलं आणि गोष्ट हाताबाहेर गेली.

त्या क्षणभराबद्दल मी तेव्हा काही बोललो नाही.

आबा परवा एकटेच हुपरीला जाऊन चांदीचं तबक आणि निरांजन सांगून आले. आणि रोज सकाळी पाटासमोर खाली बसायचा आणि उठायचा सराव करतात. जावयाचे पाय धुताना गुडघ्यांनी दगा देऊ नये म्हणून. मी म्हटलं, खुर्चीत बसून धुवा, देव रागावणार नाही. म्हणाले, "देव न्हाय रागावणार. मलाच बरं वाटणार न्हाय."

आता ऐक. अमरनं सयाजीरावांच्या टोपीचं माप विचारलं, तर तू म्हणालीस, "त्यांच्यासाठी काही आणू नका." आबांनी तीन रविवार त्यांना फोनवर बोलावलं. एकदा ते ऑफिसात होते, एकदा व्यायामाला, एकदा अंघोळीला. उद्योग, आरोग्य आणि शुचिता असा त्रिवेणी संगम असलेला जावई मिळाला म्हणून आबा खूश आहेत. मी नाही.

आधी तू म्हणत होतीस, हॉलमध्ये गाद्या घालू, पोरं खाली झोपतील, मजा येईल. आता सगळ्यांना हॉटेल म्हणतेस. पूर्वी तुझ्यामागच्या खिडकीत पोहायचा तलाव दिसायचा. हल्ली तू पलंगावर बसून बोलतेस, आणि पलंगाला लागूनच शेगडी दिसते. तेजस्वीनं ते माझ्या आधी पाहिलं. फोन बंद झाल्यावर हळूच म्हणाली, "अहो, हे ते घर नव्हे." मी म्हणालो, "रंग दिला असेल." आपला नवरा इतका मूर्ख नाही, हे तिला ठाऊक आहे.

फोनवर विचारलं असतं, पण या घरात फोन म्हणजे ग्रामसभा. तू "हॅलो" म्हणायच्या आत कुणीतरी स्पीकर लावतं. म्हणून ही मेल लिहितोय. हा माझा पत्ता दुसरं कुणी उघडत नाही.

शुक्रवारी अमर तिकिटं पक्की करणार आहे. त्याआधी मला कळव. येऊ नका म्हणालीस तर कारण मी शोधेन. मास्तर ऐन वेळी विमानाला घाबरले, त्यांच्यामुळे सगळ्यांचं राहिलं, असं गल्लीभर होऊ दे. अमर जन्मभर चिडवेल, चिडवू दे. पोरं आठ दिवस बोलणार नाहीत, तेही चालेल. आबांना मी सांभाळतो. किंवा तेजस्वी आणि मी दोघंच येतो, बाग बघायला नाही, तुझ्याजवळ राहायला. आणि सगळे यावेत असंच तुला वाटत असेल, तर आबांना काय सांगायचं ते आपण आधी ठरवू. पण त्या पाटावर बसवायला तू कुणाला विनवून आणणार असशील, तर तसं करू नकोस. कुणासाठीही नको.

काय झालं, कुणाचं चुकलं, हे मी विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर सांग.

इतका वेळ मी इकडचं-तिकडचं लिहीत आलो. भीती ना विमानाची आहे, ना पाळण्याची. तू तिथं एकटी राहतेस असं मला वाटतं, अनू. कधीपासून, ते माहीत नाही. आणि दर रविवारी आम्ही अकरा जण समोर बसून तुला हसायला लावतो. त्याची मला फार भीती वाटते.

तुझा,
दादा