आत्याकडे ठेवलेली फी

४ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून शिस्त. अकाउंट्सचा पेपर पुन्हा द्यायचाय. फी एकशे ऐंशी डॉलर, मुदत २० नोव्हेंबर. नाही भरली तर स्कॉलरशिप बंद, सुवा शहरातलं कॉलेज बंद, चालू पडायचं गावाला. पण घाबरायचं कारण नाही. भत्ता हातात आहे. निम्मा बाजूला ठेवायचा, बस्स.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मामेभाऊ अपेनिसा आला आणि ‘केरेकेरे’ म्हणाला. तो शब्द काढून कुणी मागितलं की नाही म्हणायची आमच्यात सोय नाही. चाळीस दिले. वर म्हणतो, एवढं तोंड पाडून देणार असशील तर पन्नास तरी दे. पन्नास दिले. याला खर्च म्हणत नाहीत.

१० ऑक्टोबर
हेडफोन घेतला. अभ्यासासाठीच. टॅक्सीने आलो, नवी वस्तू बसमध्ये कशाला?

१८ ऑक्टोबर
उपाय सापडला! पैसे जवळ असतात म्हणून लोक मागतात. तेव्हा भत्ता आला की थेट नाउसोरीला, मेरेओनी आत्याकडे. ती स्वतःच्या नवऱ्याला बसभाडंसुद्धा हिशेब घेतल्याशिवाय देत नाही. आज पहिले पैसे दिले, फीचं बोललो नाही. नापास झाल्याचं कळलं तर गावभर करेल. तिने विचारलं, तुझ्याच नावावर लिहू ना? म्हटलं, अर्थात.

१ नोव्हेंबर
आणखी दिले. आत्याकडे हल्ली सगळे नातेवाईक पाकिटं आणून देतात. म्हणजे माझी निवड चुकलेली नाही.

१५ नोव्हेंबर
एकूण एकशे नव्वद! अपेनिसाला रिकामे खिसे दाखवले. मग शर्ट दे म्हणाला. दिला.

१६ नोव्हेंबर, रविवार
चर्चची वर्षाची वर्गणी होती. नाव आणि रक्कम मोठ्याने वाचतात. आमच्या घराण्याची गोळा करते मेरेओनी आत्या. हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझं नाव आलं. किटिओने, एकशे नव्वद. सगळे माना वळवून बघायला लागले. आत्या रडली. अपेनिसा माझा शर्ट घालून टाळ्या वाजवत होता.

१७ नोव्हेंबर
परत मागायला गेलो. आत्याने कोंबडी केली होती, मला बघायला शेजारणी बोलावल्या होत्या. त्यांना म्हणाली, याच्या वयाची पोरं पैसे उडवतात, आमचा बघा. तोंड उघडलं ते फक्त जेवायला.

१९ नोव्हेंबर
आता एकच मार्ग. गावी, कादावू बेटावर, वडिलांना फोन लावला, सगळं कबूल करायचं ठरवून. तेच आधी बोलले. आत्याने कळवलं होतं. म्हणाले, लेका, आज गावात ताठ मानेने फिरलो. यांगोना पेयाची मुळं विकून दोनशे डॉलर तुझ्या कॉलेजसाठी ठेवले होते, आज पाठवणार होतो. पण तू आता स्वतःच्या पायावर उभा आहेस. म्हणून सकाळी इथल्या चर्चला देऊन टाकले, तुझ्याच नावाने. बरं केलं ना?

बरं केलंत, म्हणालो.