सिनेमातला शेवट

मंगळवार, ४ मार्च

आज पुन्हा बाबांना फसवलं!

बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, नजर गेल्यापासून दुपारी त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. सकाळभर लॉन्ड्रीच्या काउंटरवर उभं राहून घरी आलं की पाय नुसते ठणकतात. त्यात ही जाडजूड कादंबरी — घड्याळं दुरुस्त करणारा बाप, भांडून घर सोडलेला मुलगा. दोन पानांत माझ्या डोळ्यांवर झापड! शेवटी रविवारी मोबाइलवर तिचा सिनेमाच बघून टाकला. आता पुस्तक मांडीवर उघडं ठेवते, सिनेमा आठवून सांगते आणि मधूनमधून पान उलटते. आवाज यायला हवा ना!

"काय लिहिलंय गं!" म्हणाले बाबा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी उद्याही हेच करणार.

शुक्रवार, ७ मार्च

संपवलं एकदाचं. सिनेमात म्हातारा आपणहून फोन करतो, मुलगा परत येतो, गळाभेट, रडारड. बाबा म्हणाले, "धाकट्याचा नंबर लाव."

धाकटा म्हणजे माझा दीर; नऊ वर्षं दोघांत अबोला! लावून दिला. "मी बोलतोय. जमलं तर ये." पलीकडून नुसतं "बघतो."

शनिवार, ८ मार्च

आज पुस्तकाचा शेवट वाचला. बैल गेला नि झोपा केला!

पुस्तकातही म्हातारा फोन करतो. मुलगा आवाज ओळखतो — आणि फोन ठेवून देतो. संपलं. "सिनेमावाले पुस्तकाची वाट लावतात," असं चारचौघांत मीच तावातावाने सांगत असते. आणि आता मीच!

सोमवार, १० मार्च

बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसलेत. "घड्याळवाल्याचा पोरगा तरी लगेच कुठे आला?" म्हणाले.

बुधवार, १२ मार्च

बेल वाजली की बाबा ताठ होतात. दूधवाला. मग शेजारीण. "कोणी नाही बाबा," हे मी किती वेळा म्हणायचं? धाकटा आला नाही तर हा माणूस खचेल, आणि ते पाप माझं.

गुरुवार, १३ मार्च

सांगून टाकलं. पुस्तकात मुलगा येत नाही, येतो तो सिनेमात.

बाबांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणजे मी फोन करावा म्हणून शेवट बदललास? गुणाची गं पोर!"

मला झोप येत होती हो बाबा, एवढंच! ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं.

रविवार, १६ मार्च

धाकटा आला! बाबांनी दारातच त्याला माझं कौतुक सांगितलं. माझे हात धरून रडला. "वहिनी, तुझ्यामुळे!"

मी म्हटलं, "असू दे रे."