अनंतसमोरची पेनल्टी

१२ ऑगस्ट १९७१, गुरुवार

सेमीफायनल जिंकलो. आनंद नाही!

दोन मिनिटं उरली होती, बरोबरी. पेनल्टी मिळाली. भैयाजी — आमच्या गिरणीच्या टीमचे मॅनेजर — बाहेरून ओरडले, "रुपराव, तूच!" दुसरं कोण मारणार? कागदावर मी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, खात्यात कामगार. पण सात वर्षं गिरणीनं ठेवलं ते या उजव्या पायासाठी.

समोर गोलकीपर अनंत, महाल वस्तीच्या टीमचा. तेवीस वर्षांचा असेल. मी उजवा कोपरा धरला. त्यानं बरोबर ओळखलं — झेपावला. चेंडू त्याच्या बोटांना चाटून जाळीत गेला आणि त्याचं डोकं खांबावर आदळलं. तो आवाज!

आमची माणसं मला मिठ्या मारत होती. तो उठला नाही.

१३ ऑगस्ट

अजून शुद्ध नाही म्हणतात.

१५ ऑगस्ट, रविवार

गिरणीला सुट्टी. दवाखान्यात गेलो. खाटेजवळ त्याची आई, तुळसाबाई. ओल्या फडक्यानं त्याचे पाय पुसत होती.

"तू कोण गा, बापू?"

"खेळतो... अनंत ओळखते मले."

तिनं स्टूल सरकवला. "बस. चहा घेशीन?" घेतला!

घरी बायकोला, जयाला, सगळं सांगितलं. म्हणाली, "तुमी खेळले. कोणाले मारलं नाही." आणि थोड्या वेळानं — "पन त्या माउलीले खरं सांगा."

१७ ऑगस्ट

सांगितलं. "मावशी, ती किक मीच मारली."

तिचा हात थांबला. मग एवढंच — "जाय तू."

आलो.

१८ ऑगस्ट

पाय उचलत नाही. सरावात तीन मारल्या, तिन्ही बाहेर. भैयाजी म्हणाले, "रविवारी फायनल हाय. काहून असा करून राहिला?" म्हटलं, पेनल्टी दुसऱ्या कोणाला द्या.

"मंग गिरणीनं तुले कायच्यासाठी ठेवलं?"



२० ऑगस्ट, शुक्रवार

अनंत शुद्धीवर!! तुळसाबाईनंच निरोप धाडला — तो तुला विचारतो, ये. धावतच गेलो. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्याले तूच सांग. माह्यानं होत नाही."

अगदी बारीक आवाज. "रुपरावभाऊ, गोल झाला?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण खरंच सांगितलं. "झाला."

"माही बोटं लागली होती ना?"

"लागली गा. तू बरोबर वळखलं. सात वर्षांत कोणी वळखलं नव्हतं."

हसला! "मंग फायनलमंदी दुसऱ्या कोपऱ्यात मारजा."

निघताना तुळसाबाई दारापर्यंत आली.

२१ ऑगस्ट

दहापैकी दहा आत! भैयाजी खूश. उद्या चारला सामना. जाताना अनंतला भेटून जाईन.

२२ ऑगस्ट, रविवार

अनंत सकाळी गेला. डोक्यात रक्त साकळलं होतं म्हणे.

तुळसाबाईचा निरोप — "खांदा द्याले ये."

चार वाजता घाटावर होतो.