व्हेर्तोनीचा शेवटचा खंड आणि माझी मिळकत

मी, हिरामण सावळीराम पगार, वय चौऱ्याहत्तर, मूळ राहणार कळवण, हल्ली नाशिक, धंदा छपाई (आडनाव पगार, पण नोकरी जन्मात केली नाही), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि सकाळचा चहा घेऊन लिहीत आहे. कान शाबूत आहेत. मशीनच्या आवाजामुळे मी कानात कापूस घालतो, म्हणून घरचे मला बहिरा समजतात. तो गैरसमज मी दूर केला नाही. फार उपयोगी पडला.

१. राहते घर माझ्या पश्चात पत्नी कुसाबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे. नंतर मुलगा योगेश व मुलगी संध्या यांचे समसमान.

तळटीप: यो. — "वरचा मजला नानांनी मला कबूल केला होता." सं. — "तेव्हा नाना तापात होते." वरचा मजकूर कायम.

ही तळटिपांची रीत बेंजामिन भालेराव सरांची. सर तरुणपणी पाद्री व्हायला रोमला गेले आणि पाद्री न होता परत आले. सोबत लॅटिन आणि व्हेर्तोनी घेऊन. हा पंडित पाचशे वर्षांपूर्वी इटलीत होऊन गेला. त्याच्या हातचं लिखाण गेलं; उरल्या इतरांनी उतरवलेल्या सात प्रती, आणि सातांच्या सात तऱ्हा. सर त्या ओळीओळीने ताडून बघतात. पटेल तो शब्द वर, बाकीच्या प्रतींचं म्हणणं पानाच्या तळाशी बारीक टाइपात. हरलेल्यालाही पानावर जागा. आमच्या भाऊबंदकीत अशी सोय नव्हती.

कुसाबाईचं मत वेगळं: "एवढा मोठा पंडित, अन् त्याला एकदाचं नीट लिहून ठेवता नाय आलं?"

मी पिंपळगावला द्राक्षांच्या खोक्यांची लेबलं छापायचो तेव्हा सर स्वतःची लग्नपत्रिका घेऊन आले. प्रूफ इतक्या वेळा परत पाठवलं, की लग्न लागलं आणि पत्रिका मागून आल्या. अशा माणसाचा ग्रंथ मी हाती घेतला! "वर्षभराचं काम आहे, पगार," म्हणाले. तेव्हा योगेश दुसरीत होता. आता केसांना कलप लावतो. चार खंड निघाले, परदेशी विद्यापीठांत गेले. पाचवा, शेवटचा, पानं लावून तयार आहे. पण सरांनी प्रुफावर स्वतःच्या हाताने 'छापा' लिहिल्याशिवाय मशीन लावायची नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा रिवाज. दिवाळीत ते लिहिणार, तोच पोर्तुगालात आठवी प्रत निघाली; आता तीही ताडल्याशिवाय सर लिहीनात.

२. प्रेसची जागा योगेशला. मात्र कापसाच्या भरवशावर तो माझ्यासमोरच बिल्डरला फोनवर म्हणाला, "नानांचा तो इटलीवाला एकदा आटोपू द्या, शेड पाडून टाकू." म्हणून अट: पाचवा खंड छापून, बांधून होईपर्यंत प्रेस विकू नये, पाडू नये, मशीन हलवू नये. आता तोच रोज सरांना विचारील, "सर, झालं का?"

३. सर विधुर, भाड्याच्या खोलीत राहतात. 'खंड पूर्ण होईपर्यंत प्रेसवरच्या खोलीत त्यांनी राहावे' असे मी लिहिले होते. वकील तृप्तीताईंनी चष्मा वर केला. "पगारकाका, असं लिहिलंत तर सर खंड संपवतील कशाला?" बिनतोड. म्हणून दुरुस्ती: खोली सरांना हयातभर, खंड होवो न होवो. पुढे इमारत झाली तर तळमजल्यावर उजेडाची खोली द्यावी.

४. संध्याला शिशाचे जुने टाइप. लहानपणी तिने ते गिळायचा प्रयत्न केला होता, इतकी आवड.

५. रस्त्यापलीकडच्या फ्लेक्सवाल्याने मी धंदा बंद केल्याची आवई उठवली होती. त्याला पाचव्या खंडाची एक प्रत भेट द्यावी आणि भेटेल तेव्हा "कुठवर आलं वाचून?" असे विचारावे.

६. सरांना मी ओळखतो. आठवी प्रत हे निमित्त. रोज चार वाजता सर प्रेसवर चहाला येतात; खंड संपला तर त्या वेळी जायचं कुठे, हे खरं दुखणं. तरी चारचा चहा प्रेसवर पुढेही चालू ठेवावा. निघालेल्या खंडांचं शुद्धिपत्र करायचं आहेच; चुका सरांना पाठ आहेत.

७. हे सगळे माझ्या पश्चात होईल. पण पश्चात होऊन मला काय? लॅटिन मला वाचता येत नाही. मला ऐकायचं आहे. शेवटचा फर्मा, म्हणजे पानांचा शेवटचा जुळवलेला संच, मशीनवर चढला की तिचा सूर बदलतो. कापूस काढून तो एकदा ऐकायचा आहे. डॉक्टर दाराबाहेर संध्याला हळू आवाजात जे बोलले, तेही मी ऐकलं आहे. सरांनी घाई करावी.

तृप्तीताई म्हणतात, ज्याला मिळतं त्याने साक्ष देऊ नये. म्हणून सर साक्षीदार नाहीत. त्यांनी फक्त प्रूफ वाचावे.

वरील मजकूर माझाच. खाली सही करतो, ती दोघांनी डोळ्यांनी पाहिली.

हिरामण सावळीराम पगार
साक्षीदार: मनोज बुधा चौधरी, मशीनमन, स्नेहल देवरे, शेजारी
नाशिक, ७ जानेवारी २०२५

तळटीप: भा. — 'वर्षभराचं' नव्हे, 'दीड वर्षाचं' म्हणालो होतो. कलम ६: चहा साडेचारचा. कलम ७: डॉक्टरांचं मला कुणीच सांगितलं नाही, पगार. आठवी प्रत शुद्धिपत्रात घेऊ.

छापा.

बें. भालेराव