भूत येण्याआधीचा पाऊण तास

ठमे,

भाजी फ्रिजमध्ये आहे. गरम करून खा, आणि बसून खा.

काल भुताच्या सिनेमावरून मी आवाज चढवला, ते चुकलं. मत मात्र बदललेलं नाही. तू म्हणालीस, "बाबा, भूत येईपर्यंतचा पाऊण तास नुसता रटाळ आहे, पळवा पुढे," आणि रिमोट हिसकावून घेतलास. अगं, त्या पाऊण तासात तो म्हातारा एकटा जेवतो, एकच ताट विसळतो, फोन आला तर ऐकू यावा म्हणून टीव्हीचा आवाज बारीक करून बसतो. मला दरदरून घाम फुटला तो तिथे. पुढे ती बाई जिन्यावरून उलटी उतरत आली, तेव्हा तू किंचाळलीस आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, घरात कोणीतरी आलं.

तुला हे कळायचं नाही. तू घरी येतेस तीच कानात ते गाण्यांचे बोळे घालून, आणि जातेस तीही तशीच.

आजपासून मी पुन्हा वर्कशॉपमध्ये चाललोय, लेथवर. मालक म्हणाला, "मास्तर, या वयात कशाला?" म्हटलं, आत्ता मास्तर म्हणालास ना, त्याच्यासाठीच.

सहाला येईन. सिनेमा पहिल्यापासून लावू. रिमोट शोधत बसू नकोस, मी खिशात घालून नेलाय. भूत आलं की तुझ्या हातात देईन.

बाबा