अकरा मीटरची दोरी

गुरुवार, २ एप्रिल

दोरी तुटली. एकतीस वर्षांची दोरी — सुताची, चार गाठींची. पेनल्टीच्या ठिपक्याची गाठ अकरा मीटरवर, बाकीच्या तीन गाठी गोलपुढच्या पेट्यांच्या आणि मधल्या वर्तुळाच्या. क्लबच्या खोलीत बादलीतून काढली आणि हातातच दोन तुकडे झाले. परवा मॅच, आणि तीही असली!

दुकान बंद करून येताना नायलॉनची दोरी आणली. घराच्या पॅसेजमध्ये जुने तुकडे जमिनीवर ठेवले, शेजारी नवी दोरी सोडली, आणि गाठीला गाठ जुळवून बांधत गेलो. मुलीने दोन वर्षांपूर्वी दिलेला स्टीलचा लांब टेप कपाटात पडून आहे. ही म्हणाली, "तो काढा की. कपाटात काय अंडी घालणार आहे?" मी म्हटलं, चाळीस वर्षं लोकांच्या कंबरा मोजतोय, मला मोजायला कुणी शिकवू नये.

"शिकवत नाही हो. टेप म्हणाले फक्त."

शनिवार, ४ एप्रिल. सकाळ

रेषा मारून आलो. पाण्याच्या टाकीकडच्या गोलपुढे मागच्या महिन्यात नवं गवत बसवलं, त्यात जुना ठिपका गेला. तेवढा नव्याने काढावा लागला. गोलच्या मधोमध खुंटी, दोरी ओढून ओढून ताठ केली, गाठीपाशी चुना टाकला. बाकी सगळं जुन्या खुणांवरून. ठिपका जरा लांब वाटला. मागे जाऊन पाहिलं, बाजूने पाहिलं. म्हटलं, मोतीबिंदूच्या वाटेला लागलेले डोळे, त्यांचं काय ऐकायचं.

आज बरोबरी झाली तरी वाचतो. हरलो तर चौथी डिव्हिजन. तिच्याखाली मग शाळेची मुलंच. चौपन्न वर्षं या क्लबच्या मागे आहे, दोनदा वर गेलो, तीनदा खाली आलो. पण चौथी कधी पाहिली नाही.

घरी आलो तर ही दारातच. "आलात गावाला चुना लावून?" दर शनिवारचा विनोद. दर शनिवारी हसतो.

संध्याकाळ

हरलो.

रविवार, ५ एप्रिल

काल एका शब्दापुढे पेन चालेना.

शून्य-एकने मागे होतो. दोन मिनिटं उरली असताना टाकीकडच्या पेटीत आमच्या पोराला पाडलं. पेनल्टी. सगळं मैदान उभं. बॉल घेतला तो भाच्याने. कॅप्टन तोच आणि एकोणीसपैकी अठरा पेनल्ट्या घातलेलाही तोच. ताईचा मुलगा. पाच वर्षांचा असताना मीच खांद्यावर बसवून पहिल्या मॅचला आणला होता. उरलेल्या अस्तराचा पिवळा शर्ट शिवला होता त्याला, एक बाही लांब, एक आखूड, कापडच तेवढं होतं.

बॉल ठेवला. पाच पावलं मागे आला. थांबला. खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी रेषेबाहेर चुन्याच्या बादलीपाशी उभा. मला वाटलं, पोरगं आशीर्वाद मागतंय. अंगठा दाखवला. तो धावला. बॉल वरच्या बारवर आदळून टाकीकडे गेला. बोटभर खाली असता तर आत होता.

मग भोंग्याचा आवाज — गॅलरीत पुढच्या रांगेत बसतो तो, सळयांचा व्यापारी. त्याला माईक लागत नाही, म्हणून नावच भोंगा. "विकला गेला!" एकदाच ओरडला. पुढचं काम बाकीच्यांनी केलं.

भाचा मान खाली घालून आमच्यासमोरून गेला. मी बादली आवरायला लागलो. खरं लिहायचं तर मलाही त्याचा राग आला होता.

मंगळवार, ७ एप्रिल

ताईचा फोन. "तू तरी जा त्याच्याकडे. तुझं ऐकतो तो." गेलो. त्याच्या वेल्डिंगच्या दुकानाच्या शटरवर लाल ऑइलपेंटने तेच दोन शब्द. तो थिनर लावून घासत होता. शब्द पुसट झाले होते, पण वाचता येत होते.

"मामा, चहा मागवू?"

मी म्हटलं, अरे, होतं असं. पाय कुणाचाही चुकतो. तो घासायचा थांबला. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं त्याने. मग "हं" म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला.

थिनरचा वास अजून हाताला आहे, म्हणजे मीही घासलं असणार. आठवत नाही.

शुक्रवार, १० एप्रिल

भोंग्याने त्याच्या गोदामाच्या गेटचं काम भाच्याकडून काढून घेतलं. त्याचं बघून आणखी दोघांनी.

रविवार, १२ एप्रिल

लिहू की नको, अर्धा तास पेन हातात धरून बसलोय.

सकाळी ही गच्चीत कपडे वाळत घालत होती. माझ्या दोरीतली उरलेली दोरी तिने बांधलीय दोन खांबांना. मला हाक मारली. "अहो, ही कसली दोरी आणलीत? चार दिवसांपूर्वी ताठ बांधली, ओल्या चादरी टाकल्या की लोळते जमिनीला. रोज लांबते मेली."

मी दोरीला हात लावला. खेचली. आली! माझ्या बाजूला वीतभर सहज आली.

पॅसेजमध्ये गाठी बांधल्या तेव्हा दोरी सैल होती. मैदानावर मी ती ओढून ताठ केली. सूत कधी ताणलं जात नव्हतं, एकतीस वर्षं ओढायचीच सवय. नायलॉनला मी सुतासारखं ओढलं.

कपाटातून टेप काढला. ही विचारत राहिली, कुठे, नाश्ता तरी. मैदानावर कुणी नव्हतं. चुन्याचा ठिपका तसाच होता. अकरा मीटर साठ. परत मोजलं. अकरा साठ. तिसऱ्यांदा टेप दुसऱ्या बाजूने लावला, जसं काही त्या बाजूने कमी भरेल.

साठ सेंटीमीटर. शर्टाची एक बाही.

सोमवार, १३ एप्रिल

जे केलं ते लिहून ठेवतो. इथेसुद्धा लपवलं तर मग संपलंच.

उजाडायच्या आत खुरपं घेऊन गेलो. जुना ठिपका मातीसकट खरवडला. कुंपणाकडचा गवताचा तुकडा काढून तिथे दाबला, पाणी घातलं. टेपने मोजून अकरा मीटरवर नवा ठिपका काढला. कडा बोटाने पुसून जुना दिसेल असा केला. मन लावून केलं! रफू करताना करतो तसं, की कापड कुठे फाटलं होतं ते मालकालाही कळू नये.

घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो की चूक दुरुस्त केली. हात धुताना कळलं की पुरावा पुसला.

का केलं? सीझन संपलाय, त्या ठिपक्याची कुणाला गरज नव्हती. मला होती. मी कोण आहे या गावात? फॅशनचे कपडे शिवता येत नाहीत, गिऱ्हाईक तयार कपड्यांकडे गेलं. पण शनिवारी सकाळी मैदानावर "मास्तरांची रेष" म्हणतात. रेफरीसुद्धा मोजत नाहीत, मास्तरांनी मारलीय म्हणतात. तेवढंच आहे माझ्याकडे. आणि त्यासाठी भाच्याचं शटर लाल ठेवलं.

गुरुवार, १६ एप्रिल

ताई दुकानात आली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दोन जिने चढून आली. भाचा बाहेरगावी जहाजांच्या कारखान्यात नोकरीला जायचं म्हणतोय. दुकान बंद करणार. "बूट भंगारात टाकले रे त्याने. मी परत आणले. काय करू त्यांचं?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एका पँटची घडी टाचत होतो. मी नुसती मान हलवली. ती गेली तरी टाचण्या तोंडातच.

काढून बोलता आलं असतं.

रविवार, १९ एप्रिल

हिला सांगितलं. तिनेच काढून घेतलं म्हणा. "तुम्ही आठवडाभर विनोदाला हसत नाही आहात, आणि मी तर आता मुद्दाम वाईट विनोद करतेय."

सगळं ऐकलं. मध्ये एकदाही टोकलं नाही. एरवी एक वाक्य पुरं करू देत नाही. मग उठून गच्चीत गेली, दोरी सोडून आणली, गुंडाळी करून माझ्यासमोर ठेवली.

"याच्यावर मला कपडे वाळवायचे नाहीत. ताईंना तुम्ही सांगणार की मी?"

मी म्हटलं, शनिवारी क्लबची सभा आहे. सगळ्यांसमोरच सांगतो.

"आजचा रविवार," ती म्हणाली. "सहा दिवस कशाला लागतात?"

मी शनिवारच धरून बसलो.

शनिवार, २५ एप्रिल

सभेला साठेक लोक. भाचा दाराशी उभा होता, खुर्ची असून बसला नाही. दोरीची गुंडाळी माझ्या पिशवीत.

सेक्रेटरी — औषधांच्या दुकानवाले, आवाज मऊ — उठले. पहिला विषय मास्तरांचा सत्कार. मला पत्ताच नव्हता! पडद्यामागून रेषा मारायचं नवं यंत्र आणलं, चार चाकांचं, पिवळं, त्यावर "मास्तर" असं रंगवलेलं. "क्लब पडला, पण एकतीस वर्षांत या माणसाची एक रेष वाकडी पडली नाही." टाळ्या. मी यंत्राच्या दांडीला धरून उभा राहिलो.

दुसरा विषय कॅप्टन. भोंगा म्हणाला, त्याला काढून टाका, नुसतं पद नको, क्लबातूनच.

तेव्हा बोललो. दोरी तुटली, नायलॉन आणलं, सैल बांधलं, ताठ ओढलं. ठिपका साठ सेंटीमीटर मागे होता. चूक माझी. पोराला पेनल्टी लांबून मारावी लागली. दोरी काढून टेबलावर ठेवली.

मग सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, बहिणीच्या मुलासाठी किती कराल?"

मी म्हटलं, खरं सांगतोय. भोंगा म्हणाला, मग मोजू या. सगळे बाहेर. कुणीतरी टेप आणला. मी पुढे होऊन सांगत होतो की मोजू नका, तो मी नंतर बदललाय, आधीचा इथे होता, हे गवत बघा. गवताने मूळ धरलं होतं. मलाच तुकडा सापडेना. पाणी घातलं होतं ना मी!

अकरा मीटर. अगदी अचूक. टाळ्या वाजल्या. टाळ्या!

भोंग्याने डोळे पुसले. "मामा असा देवमाणूस, चूक स्वतःच्या नावावर घ्यायला निघाला. आणि भाचा बघा."

दाराकडे पाहिलं. भाचा गेला होता.

सोमवार, २७ एप्रिल

शिक्षा मागायला गेलो, शाबासकी घेऊन आलो. आज तिघे दुकानात येऊन हात मिळवून गेले. ताईला घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "पुरे आता. त्याच्यासाठी खोटं बोलू नकोस, त्याला आणखी लागतं." सख्खी बहीण. तिलाही पटेना. ही म्हणाली, "मला पटलंय. माझी चादर जमिनीला लागली होती."

बुधवार, २९ एप्रिल

भाचा आला. सोमवारी निघतोय, नव्या नोकरीला दोन पँटी हव्यात. मी कंबरेला टेप लावला तेव्हा समोर भिंतीकडे बघत म्हणाला, "पेनल्टीला मी पाच पावलं मागे येतो ना मामा, तेव्हा माझी टाच पेटीच्या रेषेच्या चांगली हातभर आत पडते. कायम. त्या दिवशी रेषेवर पडली."

टेप तसाच धरून मी विचारलं, मग रेफरीला का नाही सांगितलंस?

"सगळ्यांसमोर टेप आणला असता त्यांनी. तुम्ही बादली घेऊन उभे होतात. मी बघितलं तुमच्याकडे, तुम्ही अंगठा दाखवलात. म्हटलं, मामांची रेष आहे. मारू इथूनच."

मग मला तरी सांगायचंस रे. एवढं सगळं सोसलंस.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो. सांगितलंत शनिवारी. मी शुक्रवारी तिकडे होकार कळवला."

कंबर चौतीस, उंची एक्केचाळीस. तीनदा मोजली.